वऱ्हाडाची शेवटची गाडी

दंडाचा मेसेज माझ्या मोबाइलवर आला, कारण घरातल्या दोन्ही गाड्यांना मीच माझा नंबर लावून ठेवला आहे. विमा, पीयूसी, फास्टॅग, सगळं एका जागी असलं की ऐनवेळी शोधाशोध होत नाही. मेसेजमध्ये आमच्या पांढऱ्या गाडीचा नंबर होता, साताऱ्याच्या पुढचं महामार्गावरचं ठिकाण होतं आणि वेगाबद्दल काहीतरी होतं. मी पुढचं वाचलंच नाही. ओट्यापाशी उभी राहूनच नवऱ्याला हाक मारली.

"किती वेळा सांगायचं, कराडकडे जाताना पाय जरा हलका ठेवा म्हणून?"

"मी कुठं गेलोय कराडला?" तो उसाला पाणी सोडून आला होता आणि अंगणात पाय धूत होता. "गेल्या आठवड्यात पांढरी गाडी आबांनी नेलेली."

आबा म्हणजे माझे सासरे. मी मेसेज पुन्हा उघडला, त्यातला फोटो मोठा करून पाहिला. उजव्या लेनमध्ये आमची छोटी पांढरी गाडी. तिच्या मागे एक ट्रक, ट्रकच्या मागे बस, बसच्या मागे आणखी काय काय. खाली कारण लिहिलं होतं: उजव्या लेनमधून फार हळू गाडी चालवून वाहतुकीला अडथळा केला.

मी ते मोठ्यानं वाचलं. नवरा ओल्या पायांनीच आत आला आणि हसत सुटला.

"आबांना दंड? आणि हळू चालवल्याबद्दल?"

सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माझं लगीन झाल्यापास्नं मला ठावं हाय. सरकारला आत्ता कळलं व्हय? भाऊबिजंला म्हायेरी निघायचं, तर आमी पोचूस्तोवर भाऊ जेवून निजलेला असायचा."

आबा फौजेत ड्रायव्हर होते. डोंगरातल्या रस्त्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं ट्रक चालवले, तेही एकट्यानं नाही, कानवाईत. कानवाई म्हणजे एकामागून एक निघालेला गाड्यांचा ताफा. कुणी कुणाला ओलांडायचं नाही, अंतर सोडायचं नाही, पुढच्यानं मागच्याच्या वेगानं जायचं. ते निवृत्त होऊन कोरेगावाजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा गावानं त्यांना नवं काम दिलं. कुणाच्याही लग्नाचं वऱ्हाड निघालं की पहिली गाडी आबांची. मागे जीप, टेंपो, बस, जे काही असेल ते. निघताना ते शिट्टी मारणार, वाटेत ठरल्या जागी थांबणार, गाड्या मोजणार, पुन्हा निघणार. वेग चाळीस. फलटण असो की पंढरपूर, वेग चाळीस. "आबा पुढं असले की निवांत झोपायचं," असं बायका म्हणत आणि खरंच झोपत. इतक्या वर्षांत त्यांच्या मागची एकही गाडी वाट चुकली नाही की कुठे अडकून राहिली नाही.

हा दंड आला तेव्हा आमच्या मुलाचं लग्न तोंडावर आलं होतं. मुलगी सांगलीची, कार्यालयही सांगलीतच. म्हणजे वऱ्हाड आमचं, नवरदेव आबांचा एकुलता एक नातू आणि रस्ता सातारा ते पेठ नाका सगळा महामार्ग. पहिली गाडी कुणाची, हा प्रश्न तोवर कुणाच्या मनातही आला नव्हता.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. तिथे वेळापत्रकं लावण्याचं काम माझ्याकडे असतं आणि घरीही ते सुटत नाही. फ्रिजवर चुंबकाखाली माझ्या याद्या असतात: किराणा, औषधं, कुणाला कधी फोन करायचा. लग्नासाठी तर मी अख्खी भिंत घेतली होती. गाड्यांच्या यादीत सगळ्यात वर मी सवयीनंच लिहून टाकलं होतं, "आबा, पांढरी गाडी."

आबांना दंडाचं सांगायला नवरा तयार होईना. "तू सांग. तुझ्यावर चिडत न्हाईत ते." मग मीच सांगितलं. ते सोप्यात पेपर वाचत होते. चष्मा वर करून त्यांनी फोटो पाहिला, पुन्हा चष्मा खाली घेऊन पाहिला.

"गाडी आपलीच हाय," ते म्हणाले. मोबाइल माझ्या हातात परत देत म्हणाले, "फौजेत एवढी वर्सं काढली. रिमार्क न्हवता."

"आबा, हे तसलं काही नाही हो. सगळ्यांना येतात असे मेसेज. मी भरून टाकते आत्ता मोबाइलवरून."

"मोबाइलवरनं कशाला? चूक केली तर समोर जाऊन उभं ऱ्हायाचं."

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून अंगणात तयार. मी रजा टाकली. त्यांना माझ्या गाडीत बसवलं आणि महामार्गावरच्या पोलीस मदत केंद्रात घेऊन गेले. तिथे एक हवालदार होता, वयानं माझ्यापेक्षा बराच लहान. आबा त्याच्यासमोर ताठ उभे राहिले. तो बिचारा खुर्चीतून उठला.

"बसा की आबा. कशाला आलाय?"

"दंड भरायला."

"तो मोबाइलवर भरायचा असतोय. हितं रोख घेत न्हाई आमी."

"बरं. मग हे सांगा, कमीत कमी कितीनं चालवायची? जास्तीत जास्तीची पाटी रस्त्याला हाय. कमीत कमीची मी कवा बघितली न्हाई."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मलाही ते जाणून घ्यायचं होतं. मी रोज साताऱ्याला गाडीनं जाते, चांगली पळवते. आपण फार पळवतो का, हा विचार कधीतरी येतो. फार हळू चालवणंही नियमाबाहेर असू शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"आवं आबा, हितं कमीत कमीचा आकडा न्हाई," हवालदार म्हणाला. "काही रस्त्यांवर असतोय, पाटी लावलेली असती. हितं गोष्ट लेनची हाय. हळू जायाचं तर डावीकडनं जा, कोन इचारत न्हाई तुमाला. उजवी लेन पुढं जानाऱ्याची."

"डावीकडं उसाच्या ट्रॉल्या उभ्या असत्यात, रं. मागं ना लाइट, ना लाल कापड. मोटरसायकलवाले तर उलट्या अंगानं येत्यात. म्हणून मी उजवीकडनं चालवतो. सेफ."

"ते बी खरंय. ट्रॉल्यांवर आमी कारवाई करतोय, पन पुरं पडत न्हाई." तो टेबलावर बोटानं रेघा ओढू लागला. "आता हे बघा. ही तुमची गाडी, उजवीकडं, चाळीसनं. मागनं एकजण ऐंशीनं आला. लांबनं त्याला वाटतंय, तुमी बी पळताय. जवळ आला की कळतंय. मग तो काय करतोय? डावीकडनं घुसतोय. आनि डावीकडं काय हाय?"

आबा टेबलाकडे पाहत राहिले.

"ट्रॉली," ते म्हणाले.

"व्हय. तुमच्या गाडीला ओरखडा बी येत न्हाई, तुमी सेफ. मागचा जातोय ट्रॉलीखाली."

मला वाटलं, आबा वाद घालतील. त्यांनी वाद घातला नाही. फक्त विचारलं, "असं झालंय?"

"झालंय की. हितंच, वरच्या पुलापाशी. तुमच्या गाडीमुळं न्हाई, दुसऱ्या एकीमुळं."

परत निघालो. मी मुद्दाम डाव्या लेनमधून, बेतानं गाडी आणली. गावाच्या फाट्यावर वळले तेव्हा ते म्हणाले, "नियम बरोबर हाय." आणि उतरून थेट गोठ्याकडे गेले.

त्याच आठवड्यात नवऱ्यानं विषय काढला. सगळे जेवायला बसलो होतो.

"आबा, वऱ्हाडाला तुमी बसमधनंच चला. पुढची सीट ठेवतो तुमाला. उगं रस्त्यात काय झालं तर नवरदेव राहील वाटंवर."

आधी आम्ही आडवाटेचा विचार केला होता. रहिमतपूर, पुसेसावळी करत सांगली गाठायची, तिथे चाळीसनं गेलं तरी कुणाचं काही म्हणणं नसतं. पण बसवाल्यानं साफ नकार दिला. रस्ता जागोजागी उकरून ठेवलाय, बस घालणार नाही, म्हणाला. त्यामुळे महामार्गच उरला.

आबांनी ताटातली भाकरी मोडली. "बरं," म्हणाले.

एवढंच. मला वाटलं होतं, ते काहीतरी बोलतील आणि मग मला मधे पडून मार्ग काढता येईल. भांडणात मार्ग काढणं मला जमतं. पण समोरचा नुसतं "बरं" म्हणाला, तर काय करायचं? मी उठून भिंतीवरच्या यादीत खाडाखोड केली. आबा, बस, पुढची सीट. लिहिताना कुणी पाहत नव्हतं, हे बरंच झालं.

रोज सकाळी पांढरी गाडी फडक्यानं पुसायची आबांची सवय. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पुसली नाही. तिच्यावर ताडपत्री टाकली आणि चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या. पावसाळ्यात कडबा भिजू नये म्हणूनही त्यांनी कधी एवढी नीट ताडपत्री बांधली नसेल.

सासूबाई मला म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला अक्कल न्हाई. बसमधी बसवलं तर ते सांगलीपातूर पायानं ब्रेक मारत बसतील. डायवरचा जीव खातील. त्यो मधीच उतरून जाईल, मग ढकला बस."

मी हसले, पण त्या हसत नव्हत्या.

फेट्यांची ऑर्डर द्यायला मला साताऱ्याला जायचं होतं. मी आबांना बरोबर घेतलं. निमित्त रंग निवडायचं होतं. गाडी मी चालवत होते. सासूबाईंचं म्हणणं खरं निघालं, ते खरोखर पायानं ब्रेक मारत होते. पण मला वाटलं होतं तसे ते समोर पाहून घाबरत नव्हते. त्यांचं लक्ष त्यांच्या बाजूच्या आरशात होतं. काच खाली करून त्यांनी तो हातानं स्वतःला दिसेल असा फिरवूनही घेतला.

"मागं कोन हाय?" त्यांनी अचानक विचारलं.

"मागे?" मी आरशात पाहिलं. "कुणीतरी पिकअपवाला."

"कवापास्नं?"

तेवढं मी पाहिलंच नव्हतं.

मग ते स्वतःहूनच बोलू लागले. एरवी फौजेचं ते सांगत नाहीत. आम्ही विचारलं तरी जेवणाचं आणि थंडीचं सांगून विषय संपवतात. त्या दिवशी त्यांनी सांगितलं की एकदा डोंगरात बर्फ पडत असताना ते पुढच्या गाडीवर होते. वरून लवकर या, लवकर या, असा निरोप होता. त्यांनी गाडी जरा ताणली. पुढच्या थांब्यावर मोजलं तर एक ट्रक कमी. तो मागे बर्फात रुतून बसला होता. परत जाऊन काढला.

"दोघं हुते आत. दोघं बी जगले," आबा म्हणाले. "एकाची बोटं गेली. ह्या हाताची." त्यांनी स्वतःचा उजवा हात वर केला. "तवापास्नं मागचा दिसंना झाला की माझा पाय आपोआप उचलतोय. आता तो पोलीस म्हणतोय, मागचा माझ्यामुळंच मरंल. ही एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली न्हवती."

 समोर सिग्नल होता, मी सिग्नलकडे पाहिलं.

फेटेवाल्याकडे त्यांनी भगवा रंग निवडला. नवऱ्यानं गुलाबी सांगितला होता. मी भगव्याची ऑर्डर दिली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी ओटीचं सामान वेगळं करत बसले होते. खण, नारळ, बांगड्या, सगळे ढीग लावून झाले होते. आबा दारात येऊन उभे राहिले.

"हिरवा खण हाय का जादा?"

"आहे की. कशाला?"

"गाडीला बांधायला." मला कळलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं, "कानवाईत पहिल्या गाडीला निळं निशाण असतंय आनि शेवटच्या गाडीला हिरवं. हिरवं दिसलं की वाटंतल्या चौक्यांना कळतं, कानवाई संपली, आता मागं कोन न्हाई. मागच्या गाडीवर निवडून मानूस देत्यात. वाटंत कोन राहिलं तर त्याला घिऊन येणं त्याचं काम. पुढची गाडी तू घे. तू पळवतीस, तुला मागचे शिव्या देणार न्हाईत. मागची माझी."

मी खणांच्या ढिगातून सगळ्यात गर्द हिरवा निवडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलगडून पाहिला, पुन्हा तशीच घडी घातली.

"आबा, मागची गाडी पण महामार्गावरच असणार," मी म्हणाले.

"डावीकडनं ईन. ट्रॉली उभी दिसली की लांबनंच सिग्नल देऊन काढीन. शिकलोय आता."

नवऱ्याला मी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. भिंतीवर पुन्हा खाडाखोड झाली. आता सगळ्यात वर माझं नाव होतं आणि सगळ्यात खाली आबांचं.

मग आबांनी माझा वर्ग घेतला. मला वाटत होतं, मला गाडी चालवता येते. ते शेजारी बसून म्हणाले, तुला एक गाडी चालवता येते. पुढच्यानं चार गाड्या चालवायच्या असतात. वळायच्या आधी दोनदा सिग्नल. वेग साठ, मग साठच, मधेच सत्तर न्हाई नि पन्नास न्हाई, न्हाईतर मागच्यांची शेपूट वळवळती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागचा दिसेना झाला तरी पुढच्यानं उलट फिरायचं नाही. ठरल्या जागी जाऊन थांबायचं. मागच्याला आणायला मागचा आहे.

"जमंल?"

"जमेल की. त्यात काय?" मी म्हणाले.

लग्नाच्या सकाळी अंगणात सगळ्या गाड्या लागल्या. पुढे माझी, तिला फुलांच्या माळा, कारण नवरदेव माझ्या गाडीत. मग बस. मग गल्लीतल्या बायकांची पिकअप, तिच्यात गाद्या टाकून वर मांडव घातलेला. बसमध्ये जागा होती, पण या बायकांना गाणी म्हणायची होती आणि बसमधले पुरुष झोपू देत नाहीत असं त्यांचं म्हणणं. शेवटी पांढरी गाडी. एरियलला हिरवा खण. सासूबाई नवी इरकल नेसून तिच्यात पुढे बसल्या होत्या.

शेजारच्या काकू पिकअपमधून ओरडल्या, "नवरदेवाची आई डायवर! वरमाईनं मिरवायचं सोडून ही गिअर टाकाय लागली. सांगलीकर काय म्हणतील गं?"

"म्हणतील, पोरीला सासू चांगली गावली, माहेरी सोडायला येईल," मी म्हणाले.

आबांनी गाड्यांच्या कडेनं एक चक्कर मारली. चाकांना लाथ मारून हवा पाहिली. पिकअपपाशी जरा जास्त वेळ थांबले, बॉनेट उघडायला लावलं, वास घेतला. मग मागे जाऊन शिट्टी मारली. आजवर ती शिट्टी पुढून यायची. मागून आली तेव्हा बसवाला गोंधळला आणि क्षणभर कुणीच निघालं नाही. मग मला आठवलं, निघायचं तर मी आहे.

साताऱ्यापर्यंत सगळं नीट. महामार्गावर मी डाव्या लेनमध्ये साठ धरला. आरशात बस, बसच्या अंगावरून मधूनच पिकअपचा मांडव, आणि वळणावर कधीतरी लांब हिरवा ठिपका. उंब्रजच्या पुढे उसाची एक ट्रॉली आडवी आली. गाळप संपत आलं होतं, तरी शेवटच्या खेपा चालू होत्या. मी सिग्नल दिला, दोनदा दिला, उजवीकडे आले, ट्रॉली मागे टाकली. माझ्या मागून बसही आली. आता बसनं माझा सगळा आरसा भरून टाकला. मांडव दिसेना. हिरवं दिसेना.

"आई," मुलगा म्हणाला, "मागं हॉर्न वाजवतायत."

"वाजवू दे."

"आई, लय हळू चाललीयस."

मी काट्याकडे पाहिलं. माझा पाय कधी वर आला, मला कळलंच नव्हतं. डावीकडे जागा होती, तरी मी अजून उजव्या लेनमध्येच होते. मान वाकडी करून आरशात बसच्या पलीकडचं काही दिसतंय का, ते बघत होते. मी डावीकडे आले, पुन्हा साठ धरला.  मुलानं आपल्या बाजूचा आरसा फिरवून स्वतःकडे वळवून घेतला. त्याच्या आजोबांसारखा.

पेठ नाक्यावर ठरलेला थांबा होता. बस आली. पिकअप आली नाही, पांढरी गाडी आली नाही. सगळ्यांचा चहा झाला. आबांना फोन लावला, तर उचलला नाही. चालवताना ते उचलत नाहीत. सासूबाईंना लावला, तर मोबाइल बसमध्ये त्यांच्या पिशवीत वाजला; पिकअपमधल्या काकूंनीही उचलला नाही. नवरा बसमधून उतरून माझ्याकडे आला.

"मी मागं जातो बघायला. कुनाची तरी गाडी घेतो."

"नाही. इथला थांबा झाला, आता पुढच्या ठरल्या जागी जायचं. मागे आबा आहेत."

"तू आबांसारखं बोलायला लागलीस."

"निघा. कार्यालयाच्या दारात थांबायचं."

सांगलीत कार्यालयाच्या दारात मुलीकडची मंडळी उभीच होती. ताटं, अक्षता, हलगीवाले. आमच्याकडे नवरदेव आत जायच्या आधी दारातच दोन्ही घरच्या भेटी होतात. थोरल्यांपासून सुरुवात. आजोबा आजोबांना भेटतात, बाप बापाला, मामा मामाला. मुलीचे आजोबा फेटा बांधून, हातात हार घेऊन पुढे आले आणि कुणाच्या गळ्यात घालायचा ते शोधू लागले.

मुलीचा चुलता म्हणाला, "चला की पावणं. उन्हात कशाला? भेटी आत बी करू."

माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे. मी वेळापत्रक लावते तेव्हा दोन तासांच्या मधे थोडी मोकळी जागा ठेवते, कुणाला दिसणार नाही अशी. त्या दिवसाच्या वेळापत्रकातही ठेवली होती. खरं म्हणजे ती मी आबा पुढच्या गाडीवर असताना ठेवली होती आणि ते मागे गेल्यावर काढायची विसरले होते.

"आमचं वऱ्हाड अजून पोचलेलं नाही," मी म्हणाले.

"हे काय, बस भरून उभं हाय की!"

"आणखी दोन गाड्या आहेत. शेवटची आली की आत येतो."

नवरदेव गाडीतून उतरलाच नाही. "आबा आल्यावर," एवढंच म्हणाला. हलगीवाले एकदा वाजवून थांबले, पुन्हा वाजवून थांबले. मुलीच्या आजोबांना कुणीतरी खुर्ची आणून दिली. ते हार मांडीवर घेऊन बसले. मुलीकडच्या बायका आपापसात कुजबुजत होत्या, आणि माझ्या मनात एकेक गोष्ट येऊन जात होती. ट्रॉली. उलट येणारी मोटरसायकल. आबांच्या डोळ्यांची तपासणी या वर्षी राहिली आहे.

आधी गाणं ऐकू आलं. मग पिकअपचा मांडव दिसला, बैलगाडीच्या चालीनं येणारा, पुढून वाफ निघत असलेला. त्याच्या मागे, बरोबर अंतर राखून, पांढरी गाडी. हिरवा खण वाऱ्यानं एरियलला गुंडाळून बसला होता.

कासेगावाजवळ पिकअपचं इंजिन तापलं होतं. आबांनी गाडी तिच्या मागे उभी केली, मागून येणाऱ्यांना दिसावं म्हणून सासूबाईंना लाल शाल घेऊन कडेला उभं केलं, पाणी ओतलं, गार होऊ दिलं आणि मग तिला पुढे घालून सांगलीपर्यंत डाव्या लेनमधून हळूहळू आणलं. हे सगळं मला काकूंनी उतरता उतरताच सांगितलं.

"भ्या वाटलं का?" मी विचारलं.

"कशाचं? आबा मागं हुते. निवांत झोपलो की आमी!"

"झोपल्या कुठं?" सासूबाई म्हणाल्या. "लाल शाल घिऊन मी रस्त्यात उभी. लोकांना वाटलं, म्हातारी गाडीला हात करतीया. दोनजण थांबले बी."

आबा उतरले. भेटीसाठी पुढे आले नाहीत. आधी त्यांनी बोट उचलून माझी गाडी मोजली, बस मोजली, पिकअप मोजली, आणि शेवटी ज्या गाडीतून उतरले होते तिच्या बॉनेटवर हात ठेवून तीही मोजली. "समदी आली," ते म्हणाले. मग शर्ट नीट केला आणि मुलीच्या आजोबांसमोर गेले. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. हलगी सुरू झाली. मुलगा गाडीतून उतरला.

मुहूर्त साधला. बाकीचं लग्न जसं असतं तसं झालं.

सूनबाई घरी आल्याला काही दिवस झाले असतील. माझ्या मोबाइलवर मेसेज आला. या वेळी मी तो शेवटपर्यंत वाचला. उंब्रजच्या पुढचं ठिकाण, माझ्या गाडीचा नंबर, फुलांच्या माळा लावलेली गाडी उजव्या लेनमध्ये आणि तिच्या मागे आमचीच बस. कारण तेच. नवरा घरात नव्हता हे माझं नशीब. मी मोबाइल घेऊन सोप्यात गेले आणि आबांसमोर धरला.

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, खाली घेऊन पाहिलं.

"लेन कुठली हुती?"

"उजवी."

"डावीकडं जागा हुती?"

"होती."

"मग बरोबर हाय. भरून टाक."

मी तिथेच बसून भरून टाकला. आबा पुन्हा पेपर वाचू लागले. मी उठले, तेव्हा पेपराच्या आडूनच म्हणाले, "मागं बघत हुतीस, न्हवं?"

"हो."

"मग तुला पुढची गाडी जमायची न्हाई. तू मागच्या गाडीचं मानूस. हिरवा खण माझ्या गाडीच्या कप्प्यात ठिवलाय, घिऊन ठेव."

आतून सासूबाईंचा आवाज आला. "दोघं बी मागं गेल्यावर पुढं कोन जानार?"

 गल्लीत पुढचं लग्न ठरलंय. भिंतीवरच्या गाड्यांच्या यादीत मी शेवटची ओळ लिहून ठेवली आहे, पहिली मोकळी सोडली आहे.